कागदावर ठेवलेलें गाणें

इंझोरीचे (जि. वाशीम) आमचे थोरले काका गेल्या पौषांत निवर्तले. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं त्यांची पेटी ऐकली असेल. सायंकाळीं ओसरीवर त्यांचा हात फिरूं लागला, म्हणजे पानें मांडलीं आहेत ह्याची आठवण कोणास राहत नसे. पुढें दहा वर्षें ती पेटी खोळींतच होती.

कंपवात हा मोठा सावकाश चालणारा आजार आहे. मेंदूंतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. औषधानें कंप व ताठरपणा कांहीं काळ आवरतो, आजाराची चाल मात्र थांबत नाहीं. काकांच्या प्रथम उजव्या हातानें दगा दिला, मग पावलें जमिनीस खिळूं लागलीं, शेवटीं आवाज खोल गेला. गंमत अशी, कीं जें पाऊल कितीही विनवण्या केल्या तरी हालत नसे, तें त्रितालाचा ठेका धरतांच उचले. तालाच्या आधारानें अशा रोग्यांचें चालणें सुधारतें, हें डॉक्टरमंडळी आतां सांगतात. आमच्या काकूंनीं तें पाट वाजवून आधींच ताडलें होतें.

काकांच्या उशाशीं शेवटपर्यंत पं. भातखंडे यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' असे. "हे आपल्यांतले. गवई नव्हेत, वेडे," असें ते म्हणत. तें अगदींच खोटें नव्हतें. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजीं मुंबईस वाळकेश्वरीं झाला. पेशा वकिलीचा, ओढा गाण्याचा. १९०० मध्यें पत्नी व १९०३ मध्यें एकुलती कन्या गेल्यावर त्यांनीं वकिली आटोपती घेतली व ते प्रवासास निघाले: १९०४ सालीं दक्षिणेंत, १९०७ सालीं नागपूर, कलकत्ता वगैरे ठिकाणीं, पुढल्या वर्षीं उत्तर हिंदुस्थानांत. त्या काळीं चीज म्हणजे घराण्याची कुलुपांतली ठेव. अशा शेंकडों चिजा त्यांनीं मिळविल्या, स्वरलिपींत बसविल्या आणि सर्वांकरितां छापून मोकळ्या केल्या. कित्येक गवयांनीं नाकें मुरडलीं. कागदावरून गाणें येत नाहीं हा त्यांचा आक्षेप खराच आहे. मींड कांहीं शाईंत मावत नाहीं, आणि दहा थाटांच्या चौकटींत कांहीं राग आम्हांसही अवघडून बसल्यासारखे वाटतात. पण इंझोरीसारख्या गांवीं उस्ताद कोठून आणावा? काका जें शिकले तें त्या कागदावरूनच.

१९३३ मध्यें पंडितजींस अर्धांगवायूनें गांठलें, मांडीचें हाडही मोडलें. जन्मभर हिंडलेला मनुष्य तीन वर्षें अंथरुणास खिळला. लखनौस १९२६ मध्यें त्यांच्या प्रयत्नानें निघालेलें संगीत विद्यालय त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर सांभाळीत होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीस, पंडितजी गेले. मालिकेचे शेवटचे भाग त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झाले. हा वृत्तांत काका नातीकडून पुनःपुन्हां वाचवून घेत. त्यांत त्यांस काय सांपडे तें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं.

तीच नात त्यांच्या खाटेशीं बसून पुस्तकांतली चीज म्हणे. स्वर चुकला कीं काका डोळे मिटीत. बरोबर आला कीं उघडीत. बोलण्याचे कष्ट नकोत म्हणून पुढें पेन्सिलीनें समासांत खुणा करूं लागले. ह्या आजारांत अक्षर बारीक होत जातें. काकांचें शेवटीं मुंगीएवढें झालें होतें.

यंदा गणेशोत्सवांत आम्ही इंझोरीस गेलों तेव्हां आरतीनंतर मुलीनें तेंच पुस्तक काढलें. बागेश्रीच्या एका अंतऱ्याशेजारीं काकांचा एक शब्द आहे. धाकटे काका म्हणाले 'सावकाश'. काकूंच्या मतें तो 'साहस'. चष्मे इकडून तिकडे फिरले, भिंग आणविलें, निकाल लागला नाहीं. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें ती ओळ सावकाश म्हटली.