वकीलपत्र कुणाचं घ्यायचं?

‘सस्पेक्ट’ नावाचा इंग्रजी पिक्चर आहे, १९८७ चा, पीटर येट्सचा. वॉशिंग्टनमध्ये एका बाईचा खून होतो. पोलिस उचलतात कुणाला, तर रस्त्यावर झोपणाऱ्याला. व्हिएतनामची लढाई लढून आलेला, बहिरा, मुका, अंगावर लक्तरं. लियम नीसननं काम झकास केलंय. त्याची वकील शेर. सरकारी पगारावर गरिबांचे खटले लढवणारी. आणि शेवटी खुनी निघतो कोण? खटला चालवणारा जजच! मीही टाळी दिली. खोटं कशाला बोलू?

पण दोस्तहो, हा पिक्चर एक जज पकडतो आणि अख्खं कोर्ट सोडून देतो. शिवाय आरोपी बेकसूर. बेकसुराचं वकीलपत्र घ्यायला कसली आलीय जिगर? खरा खुनी सापडला की काम फत्ते. लढाईनं या माणसाचं काय केलं, तो फुटपाथवर का आला, हे कोर्टात कुणाला सांगावंच लागत नाही.

आता त्याच देशातला, त्याच काळातला खरा खटला घ्या. मॅनी बॅबिट. काळा. मरीन सैनिक म्हणून १९६८ साली खे सानच्या वेढ्यात होता. सत्त्याहत्तर दिवसांचा तो वेढा. डोक्यात छर्रे घुसले. परत आला तो रस्त्यावर, तुरुंगात, वेड्यांच्या इस्पितळात. डिसेंबर १९८० मध्ये सॅक्रामेंटोत एका ७८ वर्षांच्या म्हातारीच्या घरात शिरला, तिला मारहाण केली. ती मेली. तिचा काय गुन्हा? काहीच नाही. हे झाकून मला पुढं जायचं नाही.

सख्ख्या भावानंच त्याला पोलिसांत दिलं. इलाज होईल, जीव वाचेल, या भरवशावर. ज्युरी सगळी गोरी. मरणाची शिक्षा झाली. १९९८ साली लष्करानं जखमी सैनिकाचं ‘पर्पल हार्ट’ पदक दिलं ते तुरुंगात, आणि ४ मे १९९९ ला कॅलिफोर्निया सरकारनं दिलं विषाचं इंजेक्शन. शेवटच्या जेवणाचे ५० डॉलर बेघर व्हिएतनाम सैनिकांना द्या, म्हणाला, आणि उपाशी गेला.

सांगा, शेरबाईनं याचा खटला कसा लढवला असता? इथं दुसरा खुनी शोधायचाच नाही. इथं सरकारलाच विचारायचं, बाबा, बंदूक कुणी दिली? १९६६ साली मॅक्नमारा या संरक्षणमंत्र्यानं भरतीची अट खाली आणली आणि चाचणीत नापास होणारी तीन लाखांवर पोरं फौजेत ओढली. त्यात सुमारे ४० टक्के काळी. घेताना डोकं तपासलं नाही आणि मारताना म्हणे डोकं ठिकाणावर होतं!

असा बचाव करता येतो. २००९ साली तिथल्याच सुप्रीम कोर्टानं जॉर्ज पोर्टरच्या खटल्यात म्हटलं, की कोरियाच्या लढाईनं याचं काय केलं ते वकिलानं ज्युरीला सांगितलंच नाही, म्हणजे त्यानं आपलं काम केलं नाही. पोर्टरनं दोन खून केले होते, हे कोर्टाला पुरतं ठाऊक होतं. असल्या खटल्यावर काढा की पिक्चर. तिकीट ब्लॅकनं घेईन.