अंतराची किंमत मुलांनी का मोजावी?

हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग मुलांनाही होतो, आणि वेळीच योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील बहुसंख्य मुले बरी होतात. म्हणूनच येथे मूल वाचले की नाही, एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही. पुढचे सारे आयुष्य ते कोणत्या प्रकृतीनिशी काढणार, याचाही विचार करावा लागतो. लहानपणी छातीवर किरणोपचार झालेल्यांना पुढे स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व थायरॉइडचे विकार जडण्याचा धोका वाढतो, हे आता निर्विवाद आहे.

पेट-सीटी तपासणीचे मोल या संदर्भात जोखले पाहिजे. फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी द्रव्य जोडलेली साखर शिरेतून दिली असता कर्कपेशी ती अधिक शोषून घेतात आणि रोग कोठवर पसरला आहे ते चित्रात उमटते. २००७ साली युरोपात सुरू झालेल्या ‘युरोनेट’ अभ्यासात केमोथेरपीच्या पहिल्या दोन आवर्तनांनंतर ही तपासणी पुन्हा करण्यात आली. रोग पुरेसा ओसरलेल्या मुलांचे किरणोपचार वगळण्यात आले. मध्यम व प्रगत अवस्थेतील अशा मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांत पाच वर्षांनंतरही रोग उलटला नव्हता, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. अनावश्यक इजा टाळता येणे, ही या यंत्राची खरी कमाई होय.

यंत्र सर्वज्ञ मात्र नव्हे. क्षयाच्या गाठीही त्यात तशाच उजळतात. आपल्या देशात हे विसरून चालणार नाही. तेव्हा जाणकार डॉक्टर आणि शंका येईल तेथे गाठीच्या तुकड्याची तपासणी यांना पर्याय नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. साडेपाच तासांच्या वाटेवर त्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरतो. ते तयार करणारा देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला उभा राहिला, तो सार्वजनिक पैशातून. पुढे खाजगी भांडवलही या क्षेत्रात उतरले. परंतु भांडवल ऐपतीच्या मागे जाते, आजाराच्या मागे नव्हे. गडचिरोलीच्या शेतमजुराला मुलाच्या एका तपासणीसाठी प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी असा तिहेरी भुर्दंड सोसावा लागतो, आणि उपचारांच्या ओघात ती तपासणी पुन्हा करावी लागते. ती हुकली की डॉक्टरपुढे दोनच वाटा उरतात : कदाचित अनावश्यक ठरणारे किरणोपचार द्यावेत, किंवा अंदाजाने ते टाळावेत. दोन्ही वाटांवर जोखीम त्या मुलाचीच.

यास्तव सायक्लोट्रॉन व पेट-सीटी केंद्रे कोठे असावीत, हे प्रवासाचे तास मोजून शासनाने ठरवावे. तपासणी मोफत हवीच. तिच्याबरोबर मूल आणि पालक यांचा प्रवासखर्च व निवासही हवा. जिल्हा रुग्णालयातून हाती चिठ्ठी देऊन मुंबईला धाडलेली किती मुले तेथवर पोहोचली आणि किती वाटेतच गळाली, याची नोंद कोण ठेवतो? कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात प्रथम हा प्रश्न विचारावा.