डोंगरावर आधी कोण जाणार?

"ड्रोन उडवायचं म्हणजे खेळणंच की," असं परवा टपरीवर एकजण म्हणाला. म्हणून लिहितोय.

मे १९९९. कारगिलच्या काकसर भागात कॅप्टन सौरभ कालिया पाच जवान घेऊन गस्तीवर गेले. वर कोण बसलंय हे बघायला तेव्हा माणसंच पाठवावी लागत. सहापैकी एकही जिवंत परतला नाही.

२६ जुलै २०२५ ला द्रासमध्ये लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदींनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लॅटून असतील असं सांगितलं. म्हणजे आधी कॅमेरा जाणार, मग जवान. निर्णय चांगलाच आहे.

पण नुसत्या घोषणेनं भागत नाही. लहान ड्रोनची बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात उतरते, थंडीत त्याहून लवकर. शत्रूनं सिग्नल जॅम केला की स्क्रीन बंद. शिवाय सुटे भाग चिनी निघाल्यानं त्याच वर्षी फेब्रुवारीत ४०० ड्रोनचे करार रद्द करावे लागले. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच भागांवर विसंबायचं?

आपल्या तालुक्यातून पोरं भरतीला जातात. फ्लेक्स लावून अभिनंदन जरूर करा. पण मत मागायला येणाऱ्याला एवढं विचाराच: आमच्या पोराच्या ड्रोनमधले भाग कुठले, आणि त्याला सराव किती?