'पर्यंत' कोणते?

पालघर-बोईसरच्या व्यापारी घरांतील मुलांना ॲट, ऑन, इन लवकर उमगतात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, म्हणून ऑन. नुसते 2014 साली म्हटले, तर इन. (सकाळी इन, रात्री मात्र ॲट, तेथे पाठांतरच बरे.)

खरी अडचण 'पर्यंत'ची. तारापूरच्या कारखान्याला 'शुक्रवारपर्यंत माल पोहोचेल' असे कळविताना 'बाय'ऐवजी 'टिल' पडले, तर वायदाच बिघडतो. यासाठी सायंकाळी घरीच खेळ मांडावा. सूर्यास्तापर्यंत जेवण आटोपायचे. काम एकदाचे उरकते, म्हणून एक टाळी : बाय. चौविहार सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून हात पसरलेलेच ठेवावेत : टिल. मग दुकानाकडे वळावे. उधारी दिवाळीपर्यंत फेडायची. दुकान रात्री नऊपर्यंत उघडे. टाळी की हात?