एका घरात दोन इयत्ता

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप मुलांनी चारचौघांत मिसळण्याबद्दलचा नाही आणि दहावीच्या परीक्षेबद्दलचाही नाही. तो असा : एकच मूल असेल तर आईबाप कसंबसं निभावून नेतील, पण एक चौथीत आणि एक सातवीत असेल, तर थोरलीला बैजिक राशी समजावताना धाकटा मोकाट राहणार आणि त्याचे अपूर्णांक घ्यायला बसलं की तिचं विज्ञान मागे पडणार. दोन घरचा पाहुणा उपाशी. हे मला बहुतेकदा शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसांनी सांगितलं आहे, त्यामुळे ते झटकून टाकता येत नाही. तरीही ते चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. आम्ही सासवडला राहतो. आमची थोरली सातवीचा अभ्यास करते आणि धाकटा चौथीचा. हे मत त्या दोघांबरोबर घालवलेल्या आठवड्यांनी बनवलं आहे.

या आक्षेपाच्या मुळाशी एक गृहीत आहे : एका वेळी एका शिक्षकाने एकच इयत्ता शिकवायची असते. आपल्या राज्यात हे कधी सर्वत्र खरं होतं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहावी. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील, तर शिक्षक दोन. इयत्ता पाच, शिक्षक दोन! म्हणजे एका शिक्षकाने दोन-तीन इयत्ता एकाच वेळी सांभाळायच्या, हे कायद्यानेच गृहीत धरलं आहे. वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत हे रोज चालतं आणि शिक्षकांच्या बोलण्यात त्याला ‘बहुवर्ग अध्यापन’ असं नावही आहे. गुरुजी चौथीसमोर फळ्यापाशी उभे असतात, तेव्हा तिसरी स्वयंअध्ययनाला बसलेली असते आणि पहिलीतली पोरं मणी मोजत असतात. हे काम अवघड आहे, पण अशक्य आहे असं कोणी म्हणत नाही. मग दोनच मुलांपुरतं तेच काम घरात अशक्य कसं ठरतं?

यावर उत्तर येतं की गुरुजी प्रशिक्षित असतात, आई नसते. प्रशिक्षणाचं मोल मला मान्य आहे. आमच्या सकाळची घडी मी अशाच एका दोनशिक्षकी शाळेत मागच्या बाकावर बसून शिकले. पहिला तास धाकट्याचा, तेव्हा थोरली आदल्या दिवशी समजलेली गणितं एकटीने सोडवते. नंतर पाळी उलटते. गणितात दोघांना एकत्र बसवता येत नाही, ही गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांइतकीच मलाही ठाऊक आहे. ज्याला अजून एक छेद तीन आणि एक छेद चार यांतलं मोठं कोणतं हे सांगताना थांबावं लागतं, त्याच्यासमोर क्ष आणि य ठेवून काही साधत नाही. तिथे वेगळा वेळच द्यावा लागतो, आणि तो देता येतो.

वेळेचा हिशेबही एकदा मांडूनच टाकू. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. म्हणजे चौथीच्या वाट्याला दिवसाला चार तास. प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे ३० मुलं धरली आणि शिक्षकाने एक क्षणही वाया न घालवता प्रत्येकाजवळ बसायचं ठरवलं, तरी एका मुलाला दिवसाकाठी आठ मिनिटं मिळतात. वर्गात सगळ्यांना मिळून जे शिकवलं जातं त्याची किंमत या आठ मिनिटांत मोजता येत नाही, हे खरं. पण ‘दोघांत लक्ष वाटलं गेलं की दोघांचंही नुकसान’ असं म्हणणाऱ्याने हे गणित विसरू नये. आमच्या घरी धाकट्याला दिवसाचा एक अख्खा तास मिळतो, आणि त्या तासात माझं लक्ष दुसरीकडे कुठेही नसतं.

इथवर खंडन झालं. पण ‘निभावता येतं’ एवढंच मला सांगायचं नाही. दोन इयत्तांमधलं अंतर हे घरच्या शिक्षणाचं सर्वांत मोठं भांडवल आहे, असं माझं म्हणणं आहे.

चौथीच्या परिसर अभ्यासात शिवछत्रपतींचं चरित्र आहे. सातवीच्या इतिहासात तोच काळ पुन्हा येतो, पण आता मुघलांशी संघर्ष, राज्यकारभार अशा प्रकरणांत वाटलेला. दोन पुस्तकं, एक राजा. एका आठवड्यात मी दोघांना एकाच सतरंजीवर बसवून पुरंदरचा तह घेतला. थोरलीला सगळं पाठ होतं : १६६५, मिर्झाराजा जयसिंग, तेवीस किल्ले आणि वर्षाला चार लाख होनांचा मुलूख. तिने घडाघडा सांगितलं. धाकट्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, तेवीस देऊन टाकले, मग महाराज हरले का?” थोरली गप्प झाली. हा प्रश्न तिच्या स्वाध्यायात नव्हता. ‘नाही’ म्हणावं तर तेवीस किल्ले समोर दिसत होते, आणि ‘हो’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी तिने नकाशा पसरला आणि दिलेले किल्ले सोडून राहिलेले बारा शोधायला घेतले. राजगड आपल्याकडे राहिला, तोरणा राहिला, रायगड राहिला. मग तीच पुढच्या पानावर गेली : १६७० मध्ये कोंढाणा परत, त्याच वर्षी पुरंदरही परत. संध्याकाळी भावाला तिने सांगितलं की, तह म्हणजे लढाईचा शेवट असेलच असं नाही. हे वाक्य तिच्या पुस्तकात नाही, मीही तिला शिकवलेलं नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या भाबड्या प्रश्नाने बारा वर्षांच्या मुलीला पाठांतरातून बाहेर काढलं. तिच्या वयाच्या चाळीस मुलांच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला असता का? तिथे सगळ्यांनी तेच पान वाचलेलं असतं, आणि महाराज हरले का असं विचारायची लाज वाटण्याइतकी मोठी ती सगळीच झालेली असतात.

शनिवारी पुरंदरावर गेलो. तिथे लष्कराचा ताबा आहे. दारात ओळखपत्र दाखवावं लागतं. धाकट्याला सगळं कौतुक पहारेकऱ्यांचं. थोरली मात्र तटावरून सासवडकडे बघत, मुघल सरदार दिलेरखानाची छावणी कुठे असेल आणि शेजारचा वज्रगड आधी का पडला, यावर बोलत होती. वज्रगड पडल्यावर पुरंदर धोक्यात का आला, हे तिथे उभं राहिलं की कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवून द्यायला पुढची मुलं बसत. मद्रासच्या अनाथाश्रमाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेलने मलबारी मुलांना वाळूत अक्षरं काढताना पाहिलं, मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याचा प्रयोग आपल्या शाळेत केला आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. पुढे शेकडो मुलांना एका दिवाणखान्यात बसवून तिचं यंत्र झालं, हा तिचा दोष खराच. तो दोष मुलांच्या संख्येतून आला, वयांच्या सरमिसळीतून नव्हे. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या आदिवासी मुलींना शाळेत येता यावं, म्हणून. भावंडाला घरी ठेवून ये, असं त्या मुलींना सांगितलं गेलं नाही. भावंडासकट शिकता येईल अशी शाळाच त्यांनी उभी केली.

आता थोडं आमच्याच बाजूच्या लोकांशी. घरी शिकवणारे अनेक पालक दोन मुलांसाठी दोन वेळापत्रकं भिंतीवर लावतात. आठ-आठ तासिका, प्रत्येकीला वेगळा रंग. मग गुरुवारपर्यंत आईचा घसा बसतो, मुलं करवादतात आणि शनिवारी घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. हे पाहूनच लोक म्हणतात की दोन इयत्ता झेपत नाहीत. झेपत नाहीत त्या एका छपराखाली चालवलेल्या दोन शाळा. दिवसाऐवजी आठवडा हे माप धरलं, भाषा, इतिहास, भूगोल, चित्रकला एकत्र घेतली आणि गणित-इंग्रजी तेवढी वेगळी ठेवली, की ओझं निम्म्यावर येतं. एखाद्या बुधवारी धाकट्याचं काहीच झालं नाही, तरी शुक्रवारपर्यंत ते भरून निघतं.

राहिले कायदा आणि परीक्षा. शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याचा उल्लेख नाही. कलम १० मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं, पण ते न पाळल्याबद्दल शिक्षा सांगत नाही. ही संदिग्धता सरकारने दूर करावी, अशी माझी उघड मागणी आहे. दहावीला १७ नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचीही वाट आहे. मित्रमैत्रिणींबद्दलचा आक्षेप मात्र मी पूर्ण खोडू शकत नाही. मैदानावर, वाचनालयात, गल्लीत मुलं भेटतात. तरी रोज एकाच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची जागा त्यातून भरत नाही. थोरलीला ती हवी असेल, तर आठवीला ती शाळेत जाईल. तसं आम्ही तिला सांगितलं आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत जास्त बोचतो. हे सगळं ज्यांच्या घरी एक जण पगाराविना घरी राहू शकतो त्यांनाच शक्य आहे. अगदी खरं आहे. म्हणूनच माझा लेख शाळेच्या विरोधात नाही. दोन इयत्ता एकत्र शिकवण्यात जे बळ आहे, ते मला घरात सापडलं, पण ते सर्वांत जास्त कामी येईल ते वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत. तिथल्या शिक्षकांना वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांनी एकत्र वापरायचं साहित्य द्या, त्यांच्यावरचा माहित्या भरण्याचा भार कमी करा आणि पट कमी आहे म्हणून त्या शाळांना कुलूप लावणं थांबवा. बारा मुलं आणि चार इयत्ता असलेली शाळा ही शिक्षणखात्याची अडचण नाही. आमच्या घरात जे दोघांत घडतं, ते तिथे बाराजणांत घडू शकतं.