सुरक्षेचे मोल आणि राज्याचे कर्तव्य

विमानाचे तिकीट काढणाऱ्याच्या हाती जे देयक पडते, त्यात मूळ भाड्याखाली लहान अक्षरांत अनेक आकारण्या मांडलेल्या असतात. त्यांतील एक ओळ विमान सुरक्षा शुल्काची असते. बहुसंख्य प्रवासी ती न वाचताच पैसे भरून मोकळे होतात. रक्कम फार मोठी नाही, हे खरे. परंतु त्या एका ओळीमागे दडलेला प्रश्न मोठा आहे. नागरिकाच्या प्राणांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे की मूल्य घेऊन पुरवावयाची सेवा? कर्तव्य असेल तर त्याचे वेगळे मोल का मागायचे? आणि सेवा असेल तर तिच्यात उणीव राहिल्यास दाद कोणाकडे मागायची?

या शुल्काचा प्रवास उद्बोधक आहे. पूर्वी प्रवासी सेवा शुल्क म्हणून २०० रुपये घेतले जात आणि त्यांतील १३० रुपये सुरक्षेसाठी असत. १ जुलै २०१९ पासून त्याची जागा स्वतंत्र विमान सुरक्षा शुल्काने घेतली. देशांतर्गत प्रवाशासाठी ते १५० रुपये झाले, २०२० च्या सप्टेंबरमध्ये १६० आणि १ एप्रिल २०२१ पासून २०० रुपये. परदेशी जाणाऱ्यासाठी ते त्याच दिवसापासून १२ डॉलर झाले. म्हणजे दोन वर्षांच्या आत देशांतर्गत प्रवाशावरील हा भार दीडपटीहून अधिक वाढला.

या आकारणीच्या बाजूने जे सांगितले जाते, ते सर्वस्वी निराधार नाही. मेळघाटातील शेतमजुराने आयुष्यात विमान जवळून पाहिलेले नसते. तो मीठ-मिरची विकत घेतानाही अप्रत्यक्ष कर भरतो. त्याच्या पैशातून विमानप्रवाशांच्या सामानाची तपासणी का व्हावी? जो सुविधा वापरतो त्याने तिचा खर्च सोसावा, हा साधा व्यवहार आहे. मध्यमवर्गीयांनीही हा युक्तिवाद झटकून टाकू नये. विमानात बसण्याची ऐपत ज्याला आली आहे, त्याने आपला वाटा उचलण्यास कुरकुर करण्याचे कारण नाही.

मात्र हा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे. विमानतळावरील सुरक्षेचा लाभ केवळ विमानात बसणाऱ्याला मिळतो, हे ते गृहीत. इतिहास त्याला पाठिंबा देत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमाने पळवण्यात आली. त्या दिवशी २,९७७ निरपराध जीव गेले. त्यांपैकी विमानांत होते अवघे २४६. उरलेले सारे कार्यालयांत काम करीत होते किंवा इतरांना वाचवण्यासाठी जळत्या इमारतींत शिरले होते. त्यांनी त्या विमानांचे तिकीट काढलेले नव्हते, पण विमानतळावरील ढिलाईची किंमत त्यांनीच मोजली.

आपल्याला तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवण्यात आले. काठमांडूच्या विमानतळावरून अतिरेकी शस्त्रांसह विमानात चढले होते. अमृतसरला ते विमान सुमारे पाऊण तास आपल्याच भूमीवर उभे होते आणि तरीही हातून निसटले. लाहोर, दुबई आणि अखेर कंदाहार. रुपिन कट्याल या तरुणाचा बळी गेला. ३१ डिसेंबरला तीन अतिरेकी सोडून देऊन प्रवाशांची सुटका करावी लागली. त्यांपैकी मसूद अझहरने पुढच्याच वर्षी जैश-ए-महंमद ही संघटना उभी केली. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान हुतात्मा झाले, तेव्हा त्या हल्ल्याची जबाबदारी याच संघटनेने घेतली. एका विमानतळावरील तपासणीत राहिलेल्या फटीचे मोल वीस वर्षांनंतर जवानांच्या कुटुंबांनी चुकते केले. ते कोणत्या तिकिटावर छापणार?

विमान पळवणाऱ्याचे वैर आसनावर बसलेल्या प्रवाशाशी नसते. त्याचे लक्ष्य राष्ट्र असते, प्रवासी हे त्याचे साधन असते. म्हणूनच विमानतळाचे प्रवेशद्वार ही देशाच्या सीमेचीच एक चौकी आहे. सीमेवरील चौकीचा खर्च सीमेलगतच्या गावकऱ्यांकडून कोणी वसूल करीत नाही. मेळघाटातील मजूरही त्या चौकीसाठी कर भरतो, कारण देश त्याचाही आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी पन्नासहून अधिक जणांना ठार केले. त्यानंतर स्थानकावर जो काही बंदोबस्त वाढला, त्यासाठी लोकलच्या पासावर सुरक्षेची वेगळी ओळ छापली गेली नाही. ती छापावी असे कोणाच्या मनातही आले नाही, हे योग्यच झाले.

आपल्याकडील सुरक्षाव्यवस्था घडली तीही पैशाच्या हिशेबातून नव्हे, तर ठेचा खाऊन. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर स्फोटाने कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. ज्या बॅगेत बाँब होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. टोरांटोत सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बिघडले होते. या आघातानंतर १ एप्रिल १९८७ रोजी त्या कक्षाला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. कंदाहारनंतर २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे विमानतळ सोपवण्यास प्रारंभ झाला आणि आज साठांहून अधिक विमानतळांवर या दलाचा पहारा आहे. प्रत्येक पायरीवर निर्णय राज्याने घेतला, कारण तो दुसरा कोणी घेऊच शकत नव्हता.

सुरक्षा शुल्कावर विसंबली की काय होते, हे कोरोनाच्या काळात दिसले. २०२० च्या मार्चअखेरपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवरच होती. प्रवासी नाहीत म्हणजे शुल्क नाही. परंतु रिकाम्या विमानतळावरही जवान उभा असतोच. त्याचे वेतन थांबत नाही आणि शत्रू तर कधीच रजेवर जात नाही. जो निधी प्रवाशांच्या संख्येबरोबर भरतो आणि आटतो, त्यावर राष्ट्राच्या संरक्षणाचा एक भाग टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. एखाद्या कारणासाठी बसवलेला कर ते कारण विसरतो आणि खजिन्याच्या सवयीचा होतो. अमेरिकेने २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवाशांवर ‘११ सप्टेंबर’ याच नावाने सुरक्षा शुल्क बसवले. आरंभी ते प्रत्येक उड्डाणाला अडीच डॉलर होते. २०१३ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने ते एकेरी प्रवासासाठी ५.६० डॉलरवर नेले आणि त्यातील एक हिस्सा चक्क सरकारची वित्तीय तूट भरून काढण्याकडे वळवला. हुतात्म्यांच्या स्मृतीच्या नावे घेतलेला पैसा तुटीच्या खड्ड्यात गेला. हे तिकडे घडू शकते, तर इकडे घडणार नाही याची हमी केवळ सद्‌हेतूवर सोडता येत नाही.

या बाबतीत आपल्या परंपरेने घालून दिलेला दंडक आजच्या शासनकर्त्यांनी पाहण्यासारखा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरील अंतपालाने व्यापारी मालाच्या वाहनामागे सव्वा पण इतकी ‘वर्तनी’ म्हणजे मार्गरक्षणाचे शुल्क घ्यावे, असे सांगितले आहे. जनावरामागे किती, डोक्यावरच्या ओझ्यामागे किती, हेही ठरवून दिले आहे. म्हणजे वाटेच्या रक्षणासाठी शुल्क घेणे त्याला निषिद्ध वाटत नव्हते. पण लगोलग तो दुसरी अट घालतो: वाटेत जे हरवेल वा चोरीस जाईल, त्याची भरपाई त्याच अंतपालाने करावी. शुल्क आणि उत्तरदायित्व यांची गाठ त्याने एकाच ठिकाणी मारली. आपण शुल्क तेवढे उचलले आणि गाठ सोडून दिली.

ती पुन्हा बांधायची तर काही गोष्टी कराव्या लागतील. सशस्त्र पहारा, गुप्तवार्ता आणि अपहरणविरोधी सज्जता ही सार्वभौम राज्याची कामे आहेत. त्यांचा खर्च देशाच्या तिजोरीतून व्हावा. हे अशक्य नाही. ‘उडान’ योजनेतील लहान विमानतळांवर राज्य सरकारांनी सुरक्षा विनामूल्य पुरवावी, असे केंद्रानेच ठरवले आहे. जे लहान विमानतळांवर योग्य, ते मोठ्यांवर तत्त्वतः अयोग्य कसे? सामानाच्या तपासणीची यंत्रे आणि प्रवाशांच्या सोयीची व्यवस्था यांचा खर्च प्रवाशाने जरूर सोसावा, पण त्याचा भार समान नसून न्याय्य असावा. अडीच हजारांच्या तिकिटावर २०० रुपये म्हणजे आठ टक्के. वीस हजारांच्या तिकिटावर तेच एक टक्का. आजारी वडिलांना तातडीने भेटायला निघालेल्या लिपिकाला आणि कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या संचालकाला एकच माप लावणे समता नव्हे. शिवाय विमानतळावरील दुकाने, जाहिराती आणि वाहनतळ यांतून चालकांना जे उत्पन्न मिळते, ते सुरक्षित विमानतळाचेच फळ आहे. त्या फळातील वाटा सुरक्षेकडे यायला हवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशेब. या शुल्कातून वर्षाला किती जमले, किती वेतनावर गेले, किती यंत्रांवर, किती शिल्लक आहे, हे संसदेसमोर आणि जनतेसमोर सुबोध रीतीने मांडले गेले पाहिजे. पहाऱ्याच्या जागा गुप्त असाव्यात. पहाऱ्याचा जमाखर्च गुप्त असण्याचे कारण नाही.

भारतीय नागरिक देशासाठी पैसा देताना हात आखडत नाही. युद्धकाळात गरीब घरांतील मातांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीस दिल्याचा अनुभव या देशाने घेतला आहे. त्याची तक्रार दोनशे रुपयांची नाही. आपल्याकडून घेतलेल्या पैशाने आपले रक्षण होते आहे, आणि ते झाले नाही तर उत्तर देणारा कोणी आहे, एवढी खात्री त्याला हवी आहे. ती देता येत नसेल, तर तिकिटावरील त्या ओळीला सुरक्षा शुल्क म्हणण्याचा अधिकार शासनाला उरत नाही.