परतीची वाट बीजगणितातून

दहावीनंतर पदविका, मग रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षे नोकरी आणि पुढे कधीतरी अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. शिरूर-दौंडकडच्या तरुणाला हा मार्ग नियमाने खुला आहे. मात्र पहिल्या वर्षाचे गणित त्याने वर्गात शिकलेले नसते आणि समोर एकदम अवकल समीकरणे येतात. दोन-तीनदा विषय राहिला की तो निष्कर्ष काढतो, गणित आपल्या डोक्यात बसणारे नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे, असे माझे मत आहे.

दौंड ते पुणे हे रेल्वेचे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. गाडीला दीड तास लागला, तर तिचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर. परंतु केडगावला ती उभी असताना वेग शून्य असतो. म्हणजे वाटेत केव्हातरी तो ५० हून अधिक असलाच पाहिजे. असा त्या-त्या क्षणीचा वेग शोधणे म्हणजेच अवकलन. रोज ये-जा करणाऱ्याला ही कल्पना परकी वाटत नाही.

अडते ते पुढे. समजा, अंतर वेळेच्या वर्गाइतके वाढते आहे. मग (अ + ब)² मधून अ² वजा करून बाकीला ब ने भागावयाचे. उत्तर येते २अ + ब. ब शून्याकडे नेला की उरते २अ. यातली शेवटची पायरी तेवढी महाविद्यालयातली, बाकीच्या आठवी-नववीच्या. खंड पडल्यावर कल्पना समजते, पण कंस सोडवण्याची आणि अपूर्णांक संक्षिप्त करण्याची हाताची सवय मोडलेली असते. त्यात ‘बहुपदी’ आणि ‘घातांक’ मराठीतून शिकलेल्याला तीच नावे आता इंग्रजीतून ओळखावी लागतात.

तेव्हा परतणाऱ्याने नववी-दहावीचे बीजगणित पुन्हा हाती घ्यावे. त्यात कमीपणा नाही. बैजिक भूमितीत जगभर मान्यता पावलेले आणि १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) शालेय बीजगणिताच्या सामर्थ्याचे सातत्याने पुरस्कर्ते होते. ज्याला ते इतक्या उंचीवरून क्षुल्लक वाटले नाही, ते आपण हलके का मानावे?

परंतु हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य नव्हे. तालुक्याच्या महाविद्यालयांनी सत्रारंभी चार आठवडे संध्याकाळचा वर्ग चालवावा: गुण नाहीत, हजेरीची सक्ती नाही, समजावणे मराठीतून आणि संज्ञा दोन्ही भाषांत. महाविद्यालयाने नववीचे गणित शिकवायचे काय, असा आक्षेप येईल. दहा वर्षांनी परतलेल्याला प्रवेश द्यावयाचा असेल, तर होय, शिकवायचे. त्यासाठी एक खोली, एक फळा आणि नववीचे गणित शिकवण्याची लाज न बाळगणारा प्राध्यापक पुरेसा आहे.